रतनपुरुष बागेत लावताना: बी धरण्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

दर श्रावणात माझ्याकडे दोन प्रकारचे फोटो येतात. पहिल्यात माळावर गवताच्या आडोशाला उमललेलं एक इवलंसं जांभळट-गुलाबी फूल असतं, आणि खाली प्रश्न असतो, "हे काय आहे, बागेत लावता येईल का?" दुसरा फोटो साधारण पंधरा दिवसांनी येतो. त्यात तेच झाड काळ्या मातीच्या कुंडीत मान टाकून पडलेलं असतं. मधल्या पंधरा दिवसांत काय झालं ते विचारावं लागत नाही. झाड मुळासकट उपटलं, शेणखत भरलेल्या कुंडीत लावलं, कौतुकानं रोज तांब्याभर पाणी घातलं आणि ते गेलं.

हे झाड म्हणजे रतनपुरुष, व्हायलेटच्या कुळातलं आपलं देशी झाड. बनफशा आणि थंडीत रोपवाटिकेत मिळणारी पॅन्सी हे त्याचे नातलग. बनफशा थंड हवेतला, आणि पॅन्सी आपल्याकडे होळीपर्यंत कशीबशी तग धरते. रतनपुरुष मात्र इथल्याच मुरमाड माळावर वाढलेला आहे. मी अंबाजोगाईला राहते, बालाघाटाच्या कडेला. पावसाळ्यात गावाबाहेरच्या पडीक माळावर तो सहज दिसतो. चार-पाच वर्षं लावून, मारून, पुन्हा लावून जे हाताशी आलं ते इथे क्रमानं लिहिते. क्रम बदलू नका. या झाडाच्या बाबतीत बहुतेक चुका घाईतून, म्हणजे पुढची पायरी आधी उरकल्यामुळे होतात.

१. आधी ओळख पक्की करा

शास्त्रीय नाव हायबँथस एनिआस्पर्मस. अलीकडे त्याला आफ्रोहायबँथस म्हणतात, पण जुन्या पुस्तकांत पहिलंच नाव सापडेल. फक्त फुलावरून ओळखायला जाल तर फसाल. झुबका, पान, फूल आणि बोंड ही चारही लक्षणं जुळली पाहिजेत.

झुबका: उंची वीतभर, फार तर दीड वीत. जमिनीलगतच्या एकाच बुंध्यातून पाच-सात, जुनं झाड असेल तर पंधरा-वीस बारीक फांद्या फुटतात. काही उभ्या वाढतात, काही जमिनीवर रेलतात. बुंधा चिमटीत धरला तर कडक, काडीसारखा लागतो. पुढच्या फांद्या हिरव्या असतात.

पान: अरुंद, भाल्याच्या पात्यासारखं, देठ जवळजवळ नाहीच. कडा कधी सरळ, कधी बारीक दातेरी. महत्त्वाची गोष्ट म्हणजे पानं एकाआड एक येतात, समोरासमोर जोडीनं नाही. पानाच्या बुडाशी बारकाईनं पाहा, सुईच्या टोकासारखी दोन इवली उपपर्णं दिसतील.

फूल: इथे जरा वेळ द्या आणि गुडघे टेकून बसा. लांबून पाहिलं तर फुलाला एकच पाकळी आहे असं वाटतं. खाली रुंद, पसरट, आणि वर देठाकडे निमुळती होत गेलेली ती पाकळी हुबेहूब फावड्याच्या पात्यासारखी असते. तमिळमध्ये या झाडाला 'एका पाकळीचं कमळ' अशा अर्थाचं नाव आहे ते यावरूनच. पण पाकळ्या पाच आहेत. खालची मोठी, बाकीच्या चार वर आखडून बसलेल्या, डोळ्यांत भरत नाहीत. नखाच्या टोकानं मोठी पाकळी हलकेच खाली ओढली की त्या चार दिसतात. मोठ्या पाकळीच्या बुडाशी, मागच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. प्रत्येक फूल पानाच्या बगलेतून एकटंच येतं, गुच्छात येत नाही. फुलाचा देठ दोऱ्यासारखा बारीक असतो आणि वरच्या भागात त्याला सांधा असतो.

बोंड: गोलसर, वाटाण्याहून लहान. वाळलं की त्याचे तीन भाग होतात आणि प्रत्येक भाग छोट्या होडीसारखा दिसतो. आत फिकट पिवळसर, उभ्या रेघांचं बारीक बी असतं.

> तपासा: फूल सकाळी पाहा. दुपारच्या उन्हानं पाकळी मलूल होते आणि मग तिचा फावड्यासारखा आकार ओळखू येत नाही. मला आलेले निम्मे फोटो दुपारी दोनचे असतात.

कशाशी गल्लत होते?

सर्वात जास्त केन्याशी. केन्याचं फूल निळं असतं, ते दुमडलेल्या पानासारख्या खिशातून बाहेर येतं, आणि पानाचं बूड खोडाला म्यानासारखं लपेटलेलं असतं. रतनपुरुषाला यातलं काहीच नसतं.

मग जस्टिशिया या अडुळशाच्या कुळातल्या झाडाच्या बुटक्या जाती. त्यांचीही फुलं जांभळट असतात आणि खालचा ओठ रुंद असतो. पण त्यांची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि फूल बुडाशी नळीसारखं जोडलेलं असतं. रतनपुरुषाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुट्या असतात. तुमच्या झाडाची पानं समोरासमोर असतील तर पुढे वाचायची गरज नाही, ते वेगळं झाड आहे.

पॉलिगाला नावाची एक बारीक वनस्पती याच माळावर, याच दिवसांत येते. तिच्या फुलाला दोन बाजूंना पंखांसारखे दोन मोठे भाग असतात आणि बोंड चपटं असतं. रतनपुरुषाचं बोंड गोल आणि तीन फाकांचं असतं. फूल संपल्यावर फक्त बोंड हाती असेल तर एवढा फरक पुरेसा आहे.

नावावर विसंबू नका. जुन्या ग्रंथांतलं 'स्थलकमल' हे नाव याला लावतात, आणि तेच नाव रंग बदलणाऱ्या, जास्वंदाच्या जातीतल्या एका मोठ्या झुडपालाही आहे. 'आफ्रिकन व्हायलेट' या नावानं कुंडीत मिळणारं मखमली पानांचं झाड तर व्हायलेटच्या कुळातलंच नाही.

> थांबा: हे झाड औषधी म्हणून ओळखलं जातं. तरी फोटो पाहून ओळखलेलं कोणतंही झाड काढा करून पोटात घेऊ नका. हा लेख फक्त बागेसाठी आहे.

२. झुबका फोडायचा विचार सोडून द्या

सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती अनुभवी बागकाम करणारेच जास्त करतात. गवती चहा, निशिगंध, लिली यांचा झुबका उपटून चार तुकडे केले की चार झाडं होतात. रतनपुरुषही झुबक्यानं वाढतो, म्हणून लोक त्यालाही तसंच करायला जातात.

पण हा झुबका वेगळा आहे. गवती चहाच्या प्रत्येक फुटव्याला स्वतःची मुळं असतात. रतनपुरुषाच्या साऱ्या फांद्या एकाच बुंध्यातून निघतात आणि त्या बुंध्याखाली एकच मुख्य सोटमूळ सरळ खाली गेलेलं असतं. फोडलात तर एका तुकड्याला मूळ मिळतं, तेही चिरलेलं, आणि बाकीच्या तुकड्यांच्या वाट्याला नुसत्या काड्या येतात.

माळावरून उपटून आणण्यातही हीच अडचण आहे. मुरमात सोटमूळ दगडांच्या फटीतून वाट काढत गेलेलं असतं. पहिल्या वर्षी मी ओल्या जमिनीत खुरप्यानं चांगला वीतभर खोल गड्डा करून एक झाड काढलं. मातीचा गोळा हातात धरला तोवर सगळं ठीक होतं. घरी येऊन गोळा कुंडीत ठेवताना खालून माती निसटली आणि मूळ दिसलं. बोटभर लांबीवर ते तुटलं होतं. तुटल्या जागी पांढरं, ओलं टोक. झाडावर तेव्हा तीन फुलं होती. दुसऱ्या दिवशी ती गळली, आठवड्यात फांद्या वाळल्या. माळावर त्या झाडाच्या जागी आता काही नाही, आणि मला ते अजून लागून राहिलं आहे. त्या झाडानं त्या वर्षी बी टाकलं असतं.

औषधासाठी हे झाड मुळासकटच उपटलं जातं. त्यात आपण बागवाल्यांनी भर घालू नये. बीच आणायचं.

३. बी धरणं

फुलं पावसाळ्यात येतात, तशी बोंडंही एकामागून एक पिकत जातात. एकाच फांदीवर वर कळी, मध्ये फूल आणि खाली पिकलेलं बोंड दिसेल. म्हणजे सगळं बी एका दिवसात मिळणार नाही. भाद्रपद ते कार्तिक या काळात तीन-चार चकरा माराव्या लागतात.

बोंड कधी घ्यायचं यावर सगळं अवलंबून आहे. हिरवं तोडलं तर बी कच्चं निघतं आणि उगवत नाही. उशीर केला तर हाती रिकाम्या होड्या लागतात. हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर छटा आली, बोंड टणक झालं आणि तीन शिवणी स्पष्ट दिसू लागल्या की तेव्हाच घ्या.

पिकलेलं बोंड फुटतं कसं तेही पाहून ठेवा. पहिल्यांदा मी बोंडं ताटलीत, उघडी, खिडकीच्या उन्हात ठेवली होती. दुपारी टक् टक् आवाज यायला लागला. ताटलीजवळ जाऊन बसले. बोंड तीन बाजूंना उघडलं, प्रत्येक होडीत दोन-तीन बिया ओळीनं बसलेल्या. मग होडीच्या कडा वाळत वाळत आत ओढल्या जाऊ लागल्या आणि एक बी सटकन उडालं. ओला चिंचोका चिमटीत दाबला की कसा सटकतो, अगदी तसं. संध्याकाळी केरसुणी घेऊन खोलीभर बिया शोधत होते.

म्हणून असं करा:

माळावर जाताना कागदी पाकिटं न्या, प्लॅस्टिकची पिशवी नको. एका झाडावरून दोन-तीनच बोंडं घ्या आणि चार झाडं सोडून पाचव्याला हात लावा. एखाद्या ठिकाणी पाच-सहाच झाडं असतील तर तिथून काही घेऊ नका. मालकाचं रान असेल तर विचारून घ्या.

स्वतःच्या बागेतल्या झाडावर बोंड धरलं असेल तर जुन्या मलमलच्या कापडाची बोटभर पिशवी शिवून ती बोंडावर चढवा आणि दोऱ्यानं सैलसर बांधा. बोंड फुटेल तेव्हा बी पिशवीतच राहील. माझ्याकडे अशा वीस पिशव्या आहेत, दर वर्षी धुऊन वापरते.

> तपासा: पाकिटावर तारीख आणि जागा लगेच लिहा. "नंतर लिहीन" म्हणून ठेवलेली पाकिटं जूनमध्ये कोणाची कोणती ते कळत नाही.

४. वाळवणं आणि साठवण

पाकिटाचं तोंड दुमडून सावलीत, हवेशीर जागी आठ-दहा दिवस ठेवा. बोंडं आतल्या आत फुटतील. मग चहाच्या गाळणीतून कचरा वेगळा करा. भरलेलं बी टणक लागतं आणि नखाखाली दबत नाही. जे दबतं ते टाकून द्या.

कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, घराच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा. पत्र्याखालची खोली नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. फ्रिजमध्ये ठेवायची गरज मला कधी पडली नाही.

५. जागा आणि माती: वैशाखातच तयार ठेवा

पाऊस पडल्यावर वाफा खणायला घेतला तर उशीर होतो, शिवाय ओली काळी माती खुरप्याला चिकटून गोळे होतात. वाफा मे महिन्यात तयार झाला पाहिजे.

मराठवाड्यात जून ते सप्टेंबर मिळून सरासरी सुमारे ६८० मि.मी. पाऊस पडतो, पण तो सारखा पडत नाही. तीन दिवस झोडपतो आणि मग तीन आठवडे तोंड दाखवत नाही. आपली काळी माती या दोन्ही वेळी या झाडाच्या मुळावर उठते. ओली झाली की फुगते, पाणी धरून ठेवते आणि मूळ कुजतं. वाळली की भेगाळते आणि त्या भेगा मुळं तोडतात. माळावरच्या मुरमात पाणी पडतं आणि निघून जातं. आपल्याला बागेत तेवढंच जमवायचं आहे.

आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा करा, पाणी भरा, मुरू द्या. पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर जागा चालेल. सकाळी भरलेलं संध्याकाळीही साचलेलं असेल तर तिथे वाफा जमिनीवर उचलूनच घ्यावा लागेल.

उंच वाफा असा करा. विटा किंवा दगड लावून आठ-नऊ इंच उंचीचा चौकोन करा. खाली खडी किंवा विटांचे तुकडे टाका. वरच्या मातीसाठी माझं प्रमाण: चाळलेला मुरूम दोन घमेली, हलकी तांबूस माती दोन घमेली, नदीची भरड वाळू एक घमेलं, आणि वर्षभर कुजलेलं शेणखत अर्धं घमेलं. यापेक्षा जास्त खत नको. खत जास्त झालं की फांद्या लांबट, लुसलुशीत होऊन लोळतात आणि फुलं कमी येतात. काळीच माती असेल तर ती एक घमेलंच घ्या आणि मुरूम वाढवा.

ऊन सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत मिळावं. पूर्वेकडची जागा उत्तम. पूर्ण उन्हातही येतो, पण पश्चिमेच्या भिंतीला लागून लावू नका. ती भिंत रात्री नऊपर्यंत तापलेली असते.

कुंडीत लावायचं असेल तर रुंदीपेक्षा खोली बघा. फूटभर खोल मातीची कुंडी घ्या, खालचं भोक खापरीनं झाका. उथळ बोन्साय ट्रेमध्ये हे झाड टिकत नाही.

> थांबा: वाफ्यात हराळीची एकही काडी राहू देऊ नका. माती चाळतानाच मुळ्या वेचा. नंतर हराळी उपटायला गेलात तर रतनपुरुषाची रोपंही तिच्याबरोबर निघतात.

६. पेरणी: मृगात अर्धी, आर्द्रात अर्धी

सगळं बी एकाच दिवशी पेरू नका. मृग साधारण ७-८ जूनला लागतो, पण मृगाचा पाऊस आपल्याला दर वर्षी पावतोच असं नाही. अर्धं बी पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरा, उरलेलं पंधरा दिवसांनी आर्द्रात.

हे बी उगवायला हट्टी आहे. काही पंधरवड्यात येतं, काही महिन्यानं, काही पुढच्या पावसाळ्यात. माळावरच्या झाडाला हे सोयीचंच आहे. पहिल्या पावसानंतर खंड पडून सगळी रोपं जळाली तरी मागे काही बी शिल्लक राहतं. बागेत मात्र माणूस दहा दिवस वाट पाहतो आणि ट्रे उलटा करतो.

थोडी मदत करता येते. हार्डवेअरच्या दुकानातून बारीक पॉलिश पेपर आणा. एका तुकड्यावर बी ठेवून दुसऱ्या तुकड्यानं वरून दोन-तीनदा हलक्या हातानं फिरवा. वरची चकाकी गेली की पुरे. घासून पांढरं पडलं तर आतला कोंब दुखावला. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला. हे सगळ्या बियांना करू नका. निम्म्या घासा, निम्म्या तशाच ठेवा, आणि दोन्हींना वेगळ्या खुणा लावा. तुमच्या बियांना काय मानवतं ते एका हंगामात कळेल.

थेट वाफ्यात पेरलं तर उत्तम, कारण मूळ हलवावं लागत नाही. पण गोगलगाय, चिमण्या आणि तण यांतून बी वाचवायचं असेल तर कागदी पेल्यात पेरा. चार-पाच इंच उंचीचे पेले, बुडाला तीन भोकं, आत वाफ्यासाठी केलेलीच माती. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पेरू नका. मूळ आळशी होतं आणि नंतर मुरमात शिरायला कुरकुरतं.

एका पेल्यात दोन बिया ठेवा. वर बी जेमतेम झाकेल एवढीच बारीक वाळू भुरभुरवा. खोल पुरलं तर येत नाही. पाणी फवाऱ्यानंच द्या, तांब्यानं ओतलंत तर बी एका कडेला जमा होतं.

आता मुंग्या. पेरलेल्या दुसऱ्याच सकाळी माझ्या एका ट्रेमधल्या बिया ओळीनं भिंतीकडे निघाल्या होत्या. व्हायलेटच्या कुळातल्या बियांवर मुंग्यांना आवडेल असा खाऊ असतो, म्हणून त्या बी ओढून नेतात. उपाय घरचाच आहे. दुधाच्या पातेल्याला मुंग्या लागू नयेत म्हणून ते पाण्याच्या परातीत ठेवतो ना, तसंच करा. परातीत पाणी, मध्ये वीट, विटेवर पेले. मुंग्या मारायची पावडर वापरू नका, बी उगवेपर्यंतचाच प्रश्न आहे.

> तपासा: माती ओलसर हवी, चिखल नको. चिमटीत धरून सोडली तर सुटी पडली पाहिजे. पेल्यांवर हिरवट शेवाळ धरलं तर पाणी जास्त होतंय.

सहा आठवडे झाले आणि काही उगवलं नाही तरी पेले फेकू नका. सावलीत एका कडेला ठेवा, पुढच्या मृगापर्यंत.

७. रोपं वाफ्यात हलवणं

रोपाला सहा-सात खरी पानं (बियातून आधी निघणारी दोन सोडून) आली की हलवा, त्याआधी नाही आणि फार उशिराही नाही. पेल्याच्या भोकातून पांढरं मूळ डोकावलं तर त्याच दिवशी.

ढगाळ संध्याकाळ निवडा. आधी वाफ्यात पेल्याएवढा खड्डा करून ठेवा. पेला ओला करा, ब्लेडनं एका बाजूनं उभा चिरा आणि मातीचा गोळा न मोडता खड्ड्यात सरकवा. रोप खोडाला धरून उचलू नका, पान किंवा मातीचा गोळा धरा. गोळ्याची वरची पातळी वाफ्याच्या पातळीशी जुळवा. बुंधा मातीत पुरला तर पावसाच्या झडीत तो तिथूनच कुजतो.

दोन रोपांत वीतभर अंतर ठेवा. एकटं झाड बागेत हरवून जातं. पाच-सात रोपं त्रिकोणात, मागेपुढे लावली तर दुसऱ्या वर्षी सगळा मिळून एक मोठा झुबका दिसतो. फोडून न मिळणारा मोठा झुबका या रीतीनं मिळतो.

पहिले चार दिवस दुपारी वर पळसाची पानं किंवा गोणपाटाचा तुकडा काडीवर उभा करून सावली द्या. मग काढून टाका.

८. पहिला पावसाळा

पाऊस चालू असेल तर पाणी नको. खंड पडला तर चौथ्या-पाचव्या दिवशी, सकाळी, बुंध्यापासून चार बोटं दूर पाणी द्या. बोअरचं पाणी क्षाराचं असेल आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरत असेल तर पावसाचं पाणी टाकीत साठवून तेच वापरा.

तण काढताना घाई झाली की रोपं जातात. लहान रोपाचं पान अरुंद असतं आणि गवतात मिसळून जातं. मी प्रत्येक रोपाजवळ आईस्क्रीमची काडी रोवते आणि काडीभोवतीचं तण हातानंच काढते, खुरपं लावत नाही. शेजारच्या काकूंनी एकदा प्रेमानं माझा वाफा स्वच्छ निंदून दिला होता आणि त्यात नऊ रोपं गेली. त्यांचा दोष नव्हता. काड्या रोवलेल्या नव्हत्या, ती माझी चूक.

आता अळ्यांबद्दल. हा भाग मला सर्वांत जवळचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फांद्यांवर तांबूस-तपकिरी, अंगभर फाटेफुटलेले काटे असलेल्या अळ्या दिसतील. एका झाडावर आठ-दहा. चार दिवसांत झाड काड्यांवर येतं. पाहून काळजाचा ठोका चुकतो आणि हात फवारणीच्या पंपाकडे जातो.

फवारू नका. या टॉनी कोस्टर नावाच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. नारिंगी पंख, त्यावर काळे ठिपके, संथ उडणारं. कृष्णकमळाच्या वेलींबरोबर रतनपुरुष हे त्याच्या अळ्यांचं ठरलेलं खाद्य आहे. म्हणजे तुमच्या बागेत त्याची मादी येऊन अंडी घालून गेली, तर तिनंही ओळख पटवून दिली असं समजा. अळ्यांचे काटे टोचत नाहीत, तरी हातात घेऊन चिरडू नका.

ज्या झाडाचा बुंधा पक्का झाला आहे ते अळ्या गेल्यावर पुन्हा फुटतं. पहिल्या वर्षीची कोवळी रोपं मात्र पूर्ण खाल्ली गेली तर जाऊ शकतात. म्हणून वाफ्याचा एक भाग अळ्यांसाठी सोडा आणि दोन-तीन रोपांवर मच्छरदाणीच्या कापडाची टोपी घाला. टोपीखालच्या झाडांवर अळी दिसली तर काडीनं उचलून सोडलेल्या भागात ठेवा. निंबोळी अर्कही इथे नको, तोही अळ्या मारतो.

> तपासा: झाड अळ्यांशिवाय, पानं शाबूत असताना मलूल होत असेल तर दोष मुळाशी आहे. बुंध्याजवळची माती बोटानं उकरा. कुबट वास आला तर पाणी साचतंय. वाफ्याच्या कडेची एक वीट काढून वाट करून द्या.

९. दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत

हस्ताचा पाऊस संपला की वाढ मंदावते. थंडीत फुलं कमी होत जातात, आणि महाशिवरात्रीच्या सुमारास झाड वाळल्यासारखं दिसू लागतं. इथे बरेच जण ते मेलं समजून उपटतात.

बुंध्याची साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवट आणि ओलसर लागलं तर झाड जिवंत आहे. वाळलेल्या फांद्या जमिनीपासून चार बोटं ठेवून कात्रीनं कापा, हातानं ओढू नका. बुंध्याभोवती वाळलेला पालापाचोळा बोटभर जाडीचा पसरा, पण बुंध्याला चिकटवू नका.

उन्हाळ्यात वाफ्याला दहा-बारा दिवसांनी एकदा, संध्याकाळी, थोडंसं पाणी पुरतं. कुंडी असेल तर आठवड्यातून एकदा, आणि कुंडी दुपारच्या सावलीत हलवा. शेजारी मोगऱ्याला रोज पाणी देत असाल तर दोघांना एका वाफ्यात ठेवू नका. मोगऱ्याच्या पाण्यावर रतनपुरुष कुजतो.

खत नको. शेणपाणी, गूळपाणी, काहीच नको.

१०. दुसरा पावसाळा

मे संपताना पालापाचोळा बाजूला करा, नाहीतर नवे फुटवे त्याखाली पिवळे पडतात. पहिल्या पावसानंतर बुंध्यावर बारीक लालसर-हिरवे डोळे फुटू लागतात. ते दिसेपर्यंत वाफ्यात काहीही खुपसू नका, खणू नका. गेल्या वर्षी उडालेलं बी याच दिवसांत वाफ्यात, विटांच्या फटीत, पायरीच्या कडेला उगवतं. विटांच्या फटीतलं रोप काढून वाफ्यात आणायचा मोह होईल. त्याला तिथेच राहू द्या, मुरूम-वाळूची फट त्याला तुमच्या वाफ्याइतकीच मानवते.

पुन्हा लावायला नवं बी हवं असेल तर आता माळावर जायचं नाही, स्वतःच्याच झाडांवर पिशव्या बांधायच्या. गेल्या जूनचे न उगवलेले पेलेही याच वेळी पुन्हा उन्हात आणून ओले करा. माझ्या एका पेल्यात, ज्यावर पेरणीची तारीख पुसट झाली होती, यंदा आर्द्रात दोन रोपं आली. दोन्ही न घासलेल्या बियांची होती.